पिम्लटच्या दारातली रांग

हॉरेस पिम्लट हा आमच्या गावातल्या जुन्या वजनमापांच्या संग्रहालयाचा राखणदार, वाटाड्या आणि झाडूवाला. पगार शून्य. एकोणीस वर्षं पितळी मापं घासतोय. बाहेरचे लोक येतात, किल्ला बघतात, माझ्या दुकानात चहा घेतात आणि बस पकडतात. मापं बघायला कोण तडमडतंय?

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने कळवलं, महिनाअखेरपर्यंत माणसं दिसली नाहीत तर कुलूप. हॉरेस पार खचला. बायको गेल्यापासून तेच त्याचं घर. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या शनिवारी तो पावणेदोनलाच बंद दारापाशी उभा.

"अहो, किल्ली तुमच्याच खिशात ना? मग उघडा की!"

"पाटीवर दोन लिहिलंय, मार्जरीबाई."

म्हटलं, बरं. त्याला चहा नेऊन दिला आणि गप्पा मारत मागे उभी राहिले. झालं! दोन माणसं एकामागे एक दिसली की आमच्या लोकांचे पाय आपोआप तिसऱ्या जागी जातात. कशाची रांग, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा. दोन वाजेपर्यंत शेपूट खाटकाच्या दुकानापर्यंत गेलं.

आत एका वेळी सहाच मावतात आणि हॉरेस प्रत्येक मापाची कुळकथा सांगतो. बाहेर पाऊस भुरभुरू लागला, छत्र्या उघडल्या, पण हललं कोणी नाही.

"एवढं उभं राहिल्यावर आता कसं जायचं?" एक बाई म्हणाली.

साडेतीनला नगरसेवक ट्रेंचर आले. "बंद करायचं पत्र द्यायचंय," माझ्या कानाशी पुटपुटले.

"मग सरळ आत जा की, साहेब."

"छे! मध्ये घुसू? लोक काय म्हणतील?" आणि ते शेवटी जाऊन उभे राहिले.

त्यांचा नंबर आला आणि पाच वाजले. हॉरेस दार लावू लागला.

"पिम्लट, मी ट्रेंचर."

"ओळखलं की. वेळ संपली, उद्या या."

हा बाबा आपल्याच हाताने आपलं वाटोळं करणार! ट्रेंचरांनी वळून पाहिलं. मागे अकरा भिजलेली माणसं त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी खिशात हात घातला, कागद चाचपला आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"उद्या माझा नंबर पहिला धराल ना?"

"नंबर धरून ठेवत नाही आम्ही," हॉरेस म्हणाला. "रांगेत या."