माझ्या भयकथांचे शेवट कोण बदलतं? चाळीसगाव ते औरंगपुरा, दोन दिवस

या ब्लॉगवर आजवर मी लेण्यांसाठी, धबधब्यांसाठी आणि जेवणासाठी केलेले प्रवास लिहिले. हा मी निव्वळ भांडायला केला. त्यामुळे फोटो कमी आहेत.

भांडण असं. कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी भयकथा लिहिते. लोकांना वाटतं, असल्या कथा मध्यरात्री दिवे मालवून लिहितात. मी पहाटे साडेपाचला लिहिते, पोळ्यांच्या आधी. वर्षाला एक कथा धड जमते. ती मी छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या दिवाळी अंकाला पाठवते आणि छापून येते तेव्हा तिचा शेवट भलताच असतो. पहिल्या वर्षी विहिरीनं ओढून नेलेलं माझ्या कथेतलं पोरगं अंकात घरी येऊन वरणभात जेवलं. दुसऱ्या वर्षी रात्री दार वाजवणारं जे काही होतं, ते मांजर निघालं. गेल्या वर्षी तर हद्द झाली. त्या कथेतल्या सुमनला रोज दोरीवर एक कपडा जास्त सापडतो, घरात कुणालाच न होणारा ब्लाउज. शेवटच्या ओळीत ती तो काढायला जाते आणि तो गरम लागतो. उन्हानं नव्हे, कुणीतरी आत्ताच अंगातून उतरवल्यासारखा. या ओळीसाठी मी चार महिने घालवले होते. अंकात तिच्याखाली आणखी एक ओळ होती: ‘आणि सुमनला जाग आली. ते सारे स्वप्न होते.’

ऑफिसातल्या जोशीबाई म्हणाल्या, कथा छान होती हो, पण शेवट पडला. एका वाचकानं कार्ड टाकून विचारलं, स्वप्नच दाखवायचं होतं तर एवढं ताणलं कशाला. खाली नाव माझं, तेव्हा शिव्या मलाच. संपादक साबळे सरांना दरवर्षी फोन केला. ते दरवर्षी ‘बघतो’ म्हणाले. या वर्षीची कथा, एका एकट्या बाईची, त्यांच्याकडे पोचली होती. मी ठरवलं, समोर बसून जाब विचारायचा. धड उत्तर मिळालं नाही तर हस्तलिखित उचलून आणायचं आणि लिहिणं कायमचं बंद. पन्नाशीत झोप मोडून दुसऱ्यांच्या शेवटांना आपलं नाव देण्याची हौस मला नाही.

गणपती उठल्यावर दोन दिवस रजा टाकली. सकाळची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि घाट उजेडात दिसतो. भाद्रपदात कन्नडचा घाट हिरवागार असतो, वळणावळणावर पाणी गळत असतं, मधेच ढग खिडकीतून आत येतो. मात्र पुढे ट्रक अडकला की अर्धा-पाऊण तास गेलाच म्हणून समजा. आमचा गेला. शेजारी कन्नडच्या बाजाराला निघालेल्या एक आजी होत्या, मांडीवर मेथीचं गाठोडं. काय करता विचारलं, तर मी भुताच्या गोष्टी लिहिते असं सांगून टाकलं. एरवी मी हे सांगत नाही, कारण मग समोरचा स्वतःच्या मामाला दिसलेली बाई सांगायला लागतो आणि शेवटी विचारतो, चांगलं काही कधी लिहिणार? आजींनी तसलं काही विचारलं नाही.

“भ्यायला पुस्तक लागतं व्हय?” त्या म्हणाल्या. “इथं भ्यायचं काय कमी हाये का बाई?”

कन्नडला त्या उतरल्या, मी उसाचा रस प्यायले. पुढे वेरूळ, खुलताबाद, दौलताबादचा किल्ला, सगळं खिडकीतून. रस्त्याकडेला सीताफळं आली होती, पण अजून कच्ची होती. तुम्ही दसऱ्याच्या आसपास जा.

बसस्थानकावरून औरंगपुऱ्याला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवून बसा. गल्लीतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अंकाचं ऑफिस आहे. दोन वाजता पोचले तर दाराला कुलूप. खालच्या स्टेशनरीवाल्यानं सांगितलं की सर जेवायला गेले म्हणजे आता उद्याच येतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात पहिल्या लॉजवाल्यानं ‘सोबत कोण आहे?’ असं विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर त्याच्या खोल्या अचानक भरल्या. एकट्या बाईनं एक खोली मागितली की हे लोक भूत पाहिल्यासारखे करतात, आणि घाबरवायला शिकायचं म्हणून मी एवढी वर्षं राबते आहे. दुसऱ्या लॉजनं मुकाट्यानं किल्ली दिली. संध्याकाळी गुलमंडीत पायी हिंडले (गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही), मुलीला एक ड्रेस घेतला आणि जुन्या शहरात नान-खलिया खाल्ला. मोठा पिवळसर नान, मटणाचा लालभडक तर्रीदार रस्सा. रागात असूनही दुसरा नान मागवला, यावरून चवीची कल्पना करा.

दुसऱ्या दिवशी साबळे सर भेटले. मराठीचे निवृत्त मास्तर, कवी, बोलायला अतिशय गोड. चहा मागवला, प्रवास कसा झाला विचारलं. मी चहाला हात न लावता तिन्ही अंक टेबलावर उघडले. सर खरंच गोंधळले. कपाटातून गेल्या वर्षीचं हस्तलिखित काढलं. माझं शेवटचं पान जसंच्या तसं होतं, एकही काट नाही. छापण्याआधी कथा तपासतं कोण, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की सर कवितांची मुद्रितं दोनदा वाचतात आणि कथांचं पहिलं पान. मागे एका कवितेतला एक शब्द गळला, तर यांनी पुढच्या अंकात चौकट टाकून माफी मागितली होती. माझं अख्खं पोरगं विहिरीतून वर आलं, त्याचं कुणाला काही नाही.

मग या ओळी लिहिल्या कुणी? आतल्या खोलीतून कीबोर्डचा आवाज येत होता, तो थांबला. पडद्याआडून एक बाई बाहेर आल्या. या शाहीन आपा; अंकाचा शब्दन् शब्द वीस वर्षं त्याच टाइप करतात. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, ओढणी नीट करत त्या सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“व्हय मॅडम, मीच घातली ती ओळ. मला घरी जाऊन दोरीवरचे कपडे काढायचे होते ना. कसे काढनार, सांगा बरं?”

मग सगळं शांतपणे सांगितलं. नवरा वाळूजला कंपनीत, दुसऱ्या पाळीला. घरी सासू, तिला जिना चढवत नाही. दोरी गच्चीवर. माझं शेवटचं पान टाइप करून त्या घरी गेल्या आणि त्यांना गच्चीचं दार उघडवेना. कपडे तसेच राहिले, सासू बडबडली. सकाळी त्यांनी ऑफिसात येऊन सगळ्यात आधी ती ओळ घातली, तेव्हा कुठे त्या दिवशी गच्चीवर पाय ठेवला. विहिरीतलं पोरगंही त्यांनीच वाचवलं होतं, मांजरही त्यांचंच. इतर कुणाच्या कथेला त्यांनी कधी हात लावलेला नाही. बाकीच्या कथांची भीती वाटत नाही, म्हणाल्या.

मला भयंकर राग आला. त्याच वेळी आनंद झाला, आणि आनंद झाला याचा पुन्हा राग आला. लेखन-कार्यशाळांमध्ये सांगतात, रोज पाचशे शब्द लिहा, ध्येय भिंतीवर चिकटवा, स्वतःवर विश्वास ठेवा. मी ते सगळं केलं आहे आणि भिंतीचा रंग निघाला. मी लिहिलेल्या ओळीमुळे एका शहाण्यासुरत्या बाईचे कपडे रात्रभर दवात भिजले, हे मला वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यामुळे त्यांचा गुन्हा कमी होत नाही, आणि हे मी त्यांना तिथेच ऐकवलं. भीती तुम्हाला वाटली, ती माझी मेहनत होती. ती पुसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? बाकी हजार वाचकांना मी फुसकी वाटले. आपांनी मान खाली घातली नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण या वर्षीचं शेवटचं पान मी टाइप करनार नाय, एवढंच म्हणाल्या. तोवर त्या त्याच पानापाशी येऊन अडल्या होत्या.

सर मधे पडले, शेवट जरा सौम्य केला तर सगळ्यांचंच भागेल, असं काहीतरी बोलले. मी सरळ आतल्या खोलीत जाऊन आपांच्या खुर्चीत बसले आणि एका बोटानं शेवटचा परिच्छेद स्वतः टाइप केला. सात ओळींना अर्धा तास लागला. आपा तेवढा वेळ बाहेर गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. पान न वाचता अंकात लावायचं आणि त्यात एक अक्षरही घालायचं नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. गेल्या वर्षीच्या शेवटाबद्दल माझीही माफी मागणारी चौकट टाका, असं सरांना सांगितलं. ते ‘बघतो’ म्हणाले.

हस्तलिखित तिथेच ठेवून मी दुपारची एसटी पकडली.

घरी येऊन चार दिवस झाले. राग उतरलेला नाही. चौकट आली नाही तर पुन्हा जाईन, आणि त्या वेळी दोन नान आधीच मागवीन. पहाटे उठते आहे. नव्या कथेची तीन पानं झाली.

काल संध्याकाळी आपांचा मेसेज आला. पान त्यांनी लावलं, डोळे बारीक करून लावलं, शब्द वाचले नाहीत, अल्लाची शपथ. आता भाकरी थापताना सारखं मनात येतंय. ‘मॅडम, दुसरं काय नको. त्या गोष्टीतली बाई वाचली का, तेवढं सांगा.’

मी वाचला मेसेज. सांगितलेलं नाही.