कव्हरांवरची अमेरिका

पन्नासच्या दशकातली अमेरिका मी पहिल्यांदा पाहिली ती भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरावर. सांगलीत रद्दीवाल्याकडे जुनी अमेरिकन मासिकं मिळत. कागद जाड आणि गुळगुळीत, पावसात लवकर भिजत नसे, म्हणून शाळेत निम्म्या पोरांच्या पुस्तकांना त्याचीच कव्हरं. माझ्या भूगोलावर एक उघडा फ्रिज होता आणि शेजारी एप्रन बांधून हसणारी बाई. फ्रिजमध्ये अख्खा भाजलेला पक्षी. आम्ही त्याला मोर समजत होतो.

माझा नवराही सांगलीचाच. त्याच्या पुस्तकांवर मोटारी असत, मागे पंख असलेल्या, लांबलचक. त्याची आई शाळेत शिक्षिका होती. दर जूनमध्ये ती जमिनीवर बसून, खळ लावून कव्हरं घालायची. गाडीचे पंख मधे दुमडले जाऊ नयेत म्हणून तो हट्ट करायचा आणि ती तसा कागद कापून द्यायची. अमेरिकेला यायचं आपण त्या गाड्या बघून ठरवलं, असं तो इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगे. आम्ही आलो तोवर त्या गाड्या भंगारात गेल्या होत्या. आम्हाला मिळाली जर्सी सिटीतली दोन खोल्यांची जागा आणि खोली तापवणारा, रात्रभर ठोके मारणारा रेडिएटर.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग शब्द. मग एकदा त्या गॅसचं बटण फिरवून, काडी न लावताच झोपायला गेल्या. एकदा बर्फात सपाता घालून खाली उतरल्या आणि परत कुठे यायचं ते त्यांना सांगता येईना. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, नवरा ऑफिसात. दिवसा त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. जवळच्या चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र होतं, तिथे त्यांना पाठवायला लागलो.

तिथे दर बुधवारी जुन्या दिवसांचा तास असे. केंद्र चालवणारी बाई जुनी वर्तमानपत्रं, मासिकं, रेकॉर्ड्स घेऊन यायची. गल्लीत पहिला टीव्ही कोणाकडे आला? बॉम्ब पडेल म्हणून तळघरात डबे कोणी साठवले होते? त्रेसष्ट साली राष्ट्राध्यक्षांना गोळी लागली तेव्हा तुम्ही कुठे होतात? दर बुधवारी तीच माणसं तेच सांगायची, आणि तितक्याच उत्साहाने. सासूबाईंना इंग्रजी येत होतं. त्या पहिल्या रांगेत बसायच्या. पुस्तकांवरची ती चित्रं आता बोलायला लागली होती.

"तुमच्या आईंची स्मरणशक्ती अफाट आहे," केंद्रातली बाई नवऱ्याला म्हणाली. "पन्नासचं दशक इथल्या कोणापेक्षाही चांगलं आठवतं त्यांना."

त्याला तेवढंच हवं होतं. मी मेंदूच्या डॉक्टरांची घेतलेली अपॉइंटमेंट त्याने कॅन्सल केली.

"लॅबमध्ये बसून तुला सगळीकडे आजारच दिसतो," तो म्हणाला. "थंडीने सुस्तावलीय ती. ऊन पडलं की बरी होईल."

"मागच्या उन्हाळ्यात ऊन नव्हतं का?"

"ती बाई रोज बघते तिला. तिला नाही कळत?"

"तिला कसं कळणार? तुझी आई पन्नास साली कुठे होती ते तिला माहीत आहे का?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. त्या आठवड्यात गॅसचं बटण मी रोज रात्री काढून पर्समध्ये ठेवायला लागले.

मग एका रविवारी जेवताना मुलीने शाळेतला गृहपाठ काढला. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा: राष्ट्राध्यक्षांना गोळी लागली त्या दिवशी तुम्ही काय करत होतात?

"मला विचार की," सासूबाई म्हणाल्या. "मी खाटकाच्या दुकानात होते. तो वजन करत होता. रेडिओवर बातमी आली तशी त्याने सुरी खाली ठेवली आणि एप्रनला डोळे पुसले. मी मटण तिथेच टाकून घरी आले."

सासूबाई जन्मात कधी खाटकाच्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. अंडं फोडलं तरी त्या खिडकी उघडायच्या.

"आजी, यू वर इन इंडिया!" मुलगी खिदळली.

नवराही हसला. "आई, तेव्हा तू सांगलीत होतीस. खाटकाकडे काय करत होतीस गं?"

"तू गप्प बस. मधे मधे बोलायचं नाही." वर्गात दटावावं तसं.

त्याचं हसू ओसरलं. त्याने घास ताटात ठेवला.

"बरं. माझ्या पुस्तकांना कव्हरं कोण घालायचं, आई? जूनमध्ये. गाड्यांची."

"गाड्यांची?"

"जमिनीवर बसून. खळ लावून. पंख दुमडले म्हणून मी रडलो होतो आणि तू दुसरा कागद कापलास."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अदबीने म्हणाल्या, "आमच्याकडे नव्हती हो गाडी. तुमच्याकडे होती का?"

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, तो आता उठून जाईल. मी आमटीचं भांडं उगीचच जवळ ओढलं. तो उठला, पण फक्त खुर्ची आईच्या बाजूला सरकवून पुन्हा बसला.

"नव्हती," तो म्हणाला. "मग त्या खाटकाने पुढे काय केलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. दुकानाची फळी कशी ओढली, रस्त्यात अनोळखी बायका कशा एकमेकींना धरून उभ्या होत्या. चेहरा नुसता उजळला होता त्यांचा. तो मान डोलावत ऐकत राहिला. भात थंड झाला.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांच्या नंबरची चिठ्ठी शोधायला गेले, तर फ्रिजच्या दारावर ती नव्हती. नवरा बेडरूममध्ये फोनवर होता. आईचं वय सांगत होता, आमचा पत्ता सांगत होता. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"वर्षाच्या वर झालं," तो इंग्रजीत म्हणाला. "माझी बायको सांगत होती."

मी पर्समधून गॅसचं बटण काढलं, चहा ठेवला आणि डबे भरायला घेतले.