सुंदराबाईची साक्ष

देवीदास खेरडे मूळचे अंजनगाव सुर्जीचे. वडील लवकर वारले. आई पार्बताबाई मळेवाल्यांकडून वांगी, मेथी उचलून बाजारात विकायची आणि देवीदास तिच्या शेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायचा. पुढे अमरावतीला वकील झाल्यावर पहिली दोन वर्षं बाररूममध्ये त्यांच्या वऱ्हाडी ‘मले-तुले’ची नक्कल व्हायची. त्यांनी घासूनपुसून भाषा अशी बदलली, की नवीन माणसाला ते पुण्याचे वाटत. फौजदारी खटल्यांत त्यांचं नाव झालं ते उलटतपासणीमुळे. आवाज न चढवता ते साक्षीदार मोडायचे.

सहा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या मुलाने बाजारात भांडण काढून हमालाच्या डोक्यात लोखंडी गज घातला. हमाल जगला, पण उजवी बाजू कायमची लुळी पडली. पाहिलं अनेकांनी, साक्षीला उभी राहिली एकटी सुंदराबाई, तिथेच भाजी विकणारी. आरोपीचे वकील खेरडे होते.

सुंदराबाईच्या साक्षीच्या दिवशी पार्बताबाईला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून खेरडे तिला घेऊन थेट कोर्टात आले. मुलाचं काम तिने कधी पाहिलं नव्हतं. ती मागच्या बाकावर बसली.

खेरड्यांनी सुरुवात केली ती कितीतरी वर्षांत कोर्टात न वापरलेल्या बोलीत.

“मावशी, गाव कोनतं तुमचं?”

सुंदराबाई पिंजऱ्यात अंग चोरून उभी होती. आपल्याकडचं माणूस दिसतंय, असं वाटून ती सैलावली. नांदगाव खंडेश्वर, म्हणाली. दुकान कुठे लावते, माल कुठून आणते, सगळं मोकळेपणाने सांगू लागली. मग खेरड्यांची भाषा एकदम शुद्ध झाली. मारहाण साडेचारला झाली असं जबाबात आहे. तर समोरच्या घड्याळात आता किती वाजलेत? तिला सांगता येईना. शंभर फुटांवरून पाहिलं असंही जबाबात आहे, तर शंभर फूट अंतर म्हणजे किती? तिने दाराकडे हात केला, मग खिडकीकडे. कोणीतरी हसलं. खेरडे ते हसू संपेपर्यंत थांबले आणि मगच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. शेवटी, पोलिसांनी सांगितलं तेच तुम्ही इथे सांगताय ना, असं विचारल्यावर ती गोंधळून “हो” म्हणाली. ते तसंच नोंदलं गेलं.

ती खरं बोलतेय हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. घड्याळ न कळणारी बाई शाळेची घंटा आणि परतवाड्याची बस यांवरून वेळ अचूक सांगते, हे त्यांनी लहानपणी रोज पाहिलं होतं. तिला काय येणार नाही, हेही त्यांना तिथूनच ठाऊक होतं.

त्या रात्री घरी पार्बताबाईने ताटं वाढली. जेवताना म्हणाली, “मले बी घड्याळ समजत नाई, देवीदास.”

तिच्याकडे वर बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

दोन महिन्यांनी आरोपी निर्दोष सुटला. बाररूममध्ये लोकांनी पाठ थोपटली, तेव्हा खेरड्यांना तिथून पळून जावंसं वाटलं. सुंदराबाईला मात्र बाजारात ‘पोलिसांची साक्षीदार’ म्हणू लागले. तिने जागा सोडली.

तिला शोधायला त्यांना आठ महिने लागले. खरं तर त्यातले सात ते जायचं टाळतच होते. राजापेठेजवळ एका गल्लीच्या तोंडाशी ती बसलेली सापडली. त्यांनी हात जोडले, चूक झाली म्हणाले.

सुंदराबाई मेथीच्या जुड्या बांधत राहिली. “तुमी मावशी म्हटलं म्हणून मी भेली नाई,” ती म्हणाली. “मी खरी हावो, हे तुमाले समजत होतं ना?”

“हो.”

“मंग हे तिथं सांगाचं होतं. इथं काहून सांगून राहिले?”

गिऱ्हाईक आलं, तशी तिने त्यांना बाजूला सरकायला सांगितलं.

हमालाच्या घरच्यांनी नागपूरला हायकोर्टात अपील केलं आहे. आरोपी आपला पक्षकार होता, त्यामुळे खेरड्यांना त्यात तोंड उघडता येत नाही. वकिली ते अजून करतात. पोट भरायला दुसरं काही येत नाही, असं सांगतात. साक्षीदाराशी वऱ्हाडी मात्र त्या साक्षीनंतर बोललेले नाहीत.

ते सुंदराबाईला भेटून आल्याचं पार्बताबाईला कळलं, तेव्हा सुंदराबाई काय म्हणाली, असं तिने विचारलं.

“काही नाही,” खेरडे म्हणाले.

पार्बताबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि निवडत असलेली भाजी घेऊन ती आत गेली.