बकुळीखालची पाहणी

जुन्या वसाहतींचा पर्यावरणावर किती भार पडतो, याची पाहणी करत रिदा नाशिक रोडच्या कॉलनीत फिरत होती. भर दुपारी तिने ललिताबाईंच्या अंगणातल्या बकुळीला थर्मामीटर अडकवला. रस्त्यापेक्षा इथे पारा बराच खाली होता.

"जरा टेक गं," ललिताबाई म्हणाल्या.

रिदा बाजेवर बसली. पानांतून झिरपलेला उजेड तिच्या हातांवर पाण्यासारखा हलत राहिला आणि डोळे कधी मिटले, तिला कळलंच नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती.

गळका नळ, जुनाट वायरिंग, सगळं तिने प्रामाणिकपणे नोंदवलं. मग हळूच विचारलं, "काकू, इथे एखादी खोली भाड्याने मिळेल?"

"वरची रिकामीच आहे."

पुढच्याच महिन्यात रिदा तिथे राहायला आली.