काळी चार

काल पेटी उघडली आणि भात्यातून डांबरगोळ्यांचा वास आला. नव्वदच्या दशकातली सांगलीची आमची गाण्याच्या क्लासची खोली आठवली.

गुरुजी साताऱ्याहून आठवड्यातून एकदा यायचे. एरवी रियाज मी आणि माधवनगरची शालन, आम्हीच करायचो. पेटी माझ्याकडे, म्हणून सा माझ्या गळ्याचा, पांढरी एक. तिला तो फार खाली पडायचा. खालच्या स्वरांना नुसती हवा निघायची. गाण्याच्या परीक्षेत नापास झालीस तर गाणं बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं.

"सा ह्योच असतोय न्हवं? ही पयली पांढरी?" तिनं एकदा विचारलं.

सा आपल्या गळ्याप्रमाणे धरायचा असतो आणि तिचा चौथ्या काळ्या पट्टीवर होता, हे मला कळत होतं. पण मग आम्हाला एकत्र गाता आलं नसतं.

"हाच," मी म्हणालो.

परीक्षेत तिनं तोच सा मागून घेतला. बाहेर आली ती हसतच. "मला गळाच न्हाई म्हणं वो. लय दिवस फुकट त्रास दिला तुमाला."

पुन्हा ती क्लासला आली नाही.

काल बोट आपोआप काळी चारवर गेलं. त्या पट्टीत मला गाता येत नाही. नुसताच भाता हलवत बसलो.