व्हॅनचा सायलेन्सर आणि खराट्याची तार

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ अजून नीट जमत नाही. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याबद्दल आधीच माफी मागते.

डोंबिवलीकडच्या एका पोलीस ठाण्यात मी एकतीस वर्षे सफाई कामगार होते. अधिकारी नव्हते, शिपाईही नव्हते. पण साहेब लोक निवृत्त झाले की दिवाळी अंकात एखाद्या केसची आठवण लिहीत, आणि ते अंक रद्दीत जाण्याआधी मी वाचून काढत असे. खबर कोणी दिली, तपास कसा झाला, आरोपी कसा बोलता झाला, हे सगळे त्यात क्रमाने असे. नाव मात्र कोणाचे नसे. मीही घालणार नाही. नोकरीत मी एकही केस केली नाही. जी केली ती निवृत्तीनंतर, आणि तिच्यातली फिर्यादी मीच होते.

तो आठवडा माझ्या मनातून कधी जायचा नाही.

ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या उभ्या असत. त्या झाडताना आजूबाजूला कोणी नसले की मी ड्रायव्हरच्या सीटवर घटकाभर बसत असे. स्टिअरिंगला हात लावत नसे, नुसती बसत असे. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून मी एक जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. यजमानांच्या गुडघ्यांमुळे त्यांना स्टेशनचे जिने चढवत नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण मी कोणाला सांगितले नाही. एकोणसाठाव्या वर्षी मला पक्के लायसन्स मिळाले. त्या दिवसापासून यजमान शेजारी बसून वरची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवत.

“अगं ब्रेक, ब्रेक!”

“अहो, गाडी उभीच आहे.”

लायसन्स मिळून महिना झाला असेल. ठाकुर्लीजवळ गाडीखाली खडखड आवाज आला. वाकून पाहिले तर सायलेन्सर गंजून एका बाजूने लोंबत होता. गाडी झाडायला मी मागे एक खराटा ठेवते. तो सोडला, त्याची तार काढली आणि सायलेन्सर थंड झाल्यावर वर ओढून बांधला. मग हळूहळू जवळच्या गॅरेजमध्ये गेलो.

गॅरेजवाला पस्तिशीचा, बोलायला गोड. त्याने दोन सायलेन्सर पुढे ठेवले.

“मावशी, हा लावला ना, तर असा आवाज येईल की लोक वळून बघतील.”

“नको रे बाबा. असे सायलेन्सर आमच्याकडे रस्त्यावर मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. मला कायद्यात बसणारा दे.”

“मग हा घ्या. कंपनीचाच समजा. नऊ हजार. बिल पाहिजे असेल तर वर जीएसटी लागेल.”

‘समजा’ या शब्दाला मी तिथेच अडायला हवे होते. अडले नाही. बिल नको म्हणाले, पैसे मोजून दिले आणि गाडी घेऊन आले. जुना सायलेन्सर तिथेच राहिला. आमच्या ठाण्यात मोडकी सायकल आणली तरी पंचनामा होई, मुद्देमालाला लेबल लागे. खाली पडलेली लेबले मी कित्येकदा उचलून मुद्देमाल कारकुनाच्या हातात दिली आहेत. आणि माझ्याच गाडीचा भाग मी बिनलेबलाचा सोडून आले.

खबर दिली ती पीयूसी काढणाऱ्या मुलीने. आठवड्याने मुदत संपली म्हणून मी गाडी तिच्याकडे नेली. तिने मशीनची नळी लावली, काढली, परत लावली.

“मावशी, गाडी नापास.”

“अगं, सायलेन्सर नवा आहे.”

“म्हणूनच विचारते, कुठून बसवलात?” तिने पान्याने खालून ठोकून पाहिले. “रिकामा वाजतोय. या गाडीच्या सायलेन्सरच्या पोटात एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. धूर साफ करते ती. महाग असते, म्हणून काही लोक काढून विकतात. तुमच्या जुन्यात असणार. ह्याच्यात नाहीये.”

तिथूनच मी यजमानांना फोनवर कळवले. घरी आले तेव्हा त्यांनी मुलाला फोन लावून सगळे सांगितलेही होते. मुलगा कल्याणला असतो. स्वभावाने मऊ, पण हिशोबाला पक्का.

“आई, रागावू नकोस. लायसन्स नवं, गाडी जुनी, पुढे दंड सुरू होतील. रविवारी माझ्या ओळखीचा एक जण बघायला येतोय. देऊन टाकू.”

मी बरे म्हणाले. मला वाद घालता येत नाही. पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना एकच गोष्ट डोक्यात होती, की रविवारनंतर माझ्या हातात किल्ली नसेल. तो दिवस बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ठाण्यातून वाहतूक शाखेत गेलेल्या एका हवालदारांना फोन केला.

“बिल आहे का, मावशी?”

“नाही.”

“जुना पार्ट?”

“त्याच्याकडेच राहिला.”

“म्हणजे पुरावा शून्य. मावशी, एकतीस वर्षं तुम्ही नक्की कुठे काढलीत?”

मला हसू आले आणि लाजही वाटली. तेच पुढे म्हणाले, “तो म्हणणार, जुन्यात जाळी नव्हतीच. काहीतरी हाताला लागू द्या. मी लगेच येतो.”

शुक्रवारी सकाळी यजमानांना घेऊन मी गॅरेजवर गेले. आमच्याकडे एक साहेब होते. ते चौकशीत कधी आवाज चढवत नसत. तीच हकीकत परत परत सांगायला लावत आणि मध्ये फुटकळ काहीतरी विचारत. मी तेव्हा फरशी पुसत असे, मला कोणी बाहेर जा म्हणत नसे. तसेच करायचे ठरवले. दुसरे काही मला येतही नव्हते.

“माझा जुना सायलेन्सर हवा होता रे.”

“तो भंगारात गेला, मावशी. त्याच दिवशी.”

“कुठे?”

“विठ्ठलवाडीला.”

“कोण घेऊन गेलं?”

“टेम्पोवाला येतो ना सकाळी.”

“मी तर दुपारी आले होते.”

“म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी. काय फरक पडतो?”

“काही नाही. असंच विचारलं.”

एक रिक्षावाला टायर बसवून घ्यायला थांबला होता. तो यजमानांना म्हणाला, “काका, काकू वकील आहेत काय?” यजमान म्हणाले, “नाही, पण घरी पण असंच चालतं.”

मी खाली मान घालून बसले होते. लाजाळू माणसाची नजर जमिनीवर असते, आणि माझी तर पोटापाण्यासाठीही तिथेच असायची. कचरा बघून त्या खोलीत काय झाले ते मला कळते. वेल्डिंग मशीनच्या मागे करड्या रंगाचा चुरा पडला होता. माती नव्हती, सिमेंट नव्हते. एक तुकडा उचलला. त्याला बारीक बारीक चौकोनी भोके होती, थेट पोळ्यासारखी. चुऱ्याची रेघ कोपऱ्यातल्या ताडपत्रीखाली जात होती.

मी उठले आणि ताडपत्री उचलली.

खाली चार सायलेन्सर होते, पोटे कापलेली. शेजारी तसल्याच भोकाभोकांच्या तुकड्यांनी अर्धे भरलेले पोते. एका सायलेन्सरच्या कडीला तार होती.

“हा माझा.”

“मावशी, सगळे सारखेच दिसतात. अशी तार कोणाचीही असते.”

“तार कोणाचीही असेल. पीळ माझा आहे.”

खराटा बांधताना मी तीन वेढे घेते, उजवीकडून पीळ देते आणि टोक आत दुमडते, म्हणजे झाडताना हाताला टोचत नाही. पहिल्या वर्षी तळवा फाटला होता तेव्हापासूनची सवय. मी गाडीतून खराटा आणला. घरी गेल्यावर तो मी नव्या तारेने पुन्हा बांधला होता. दोन्ही शेजारी धरले आणि यजमान व रिक्षावाला यांना पंच म्हणून पाहायला सांगितले. पंच हा शब्द माझ्या तोंडून आपोआप निघाला.

रिक्षावाल्याने वाकून वेढे मोजले. “बॉस, सेम टू सेम आहे. आता बोल.”

गॅरेजवाला खाली बसला. घाम पुसत म्हणाला, “मावशी, हे पोलिसांपर्यंत नको.”

“बाबा, मी तिथूनच आलेय.”

मी फोन केला आणि हवालदार अर्ध्या तासात हजर झाले. पोते पाहून त्यांनी मला बाजूला घेतले आणि तक्रार लिहून द्यायची का विचारले. मी म्हणाले, आधी उरलेले तीन सायलेन्सर कोणाचे ते त्याला विचारा. त्या लोकांना तर माहीतही नाही. हवालदारांनी समोर बसवून त्याच्याकडून तिघांना फोन करवले. त्याने सगळे कबूल केले. तिघांपैकी एक जण तासाभरात आला, तोही माझ्यासारखा नवा लायसन्सवाला, विशीचा. सगळ्यांचे पैसे परत करतो, असे गॅरेजवाल्याने लिहून दिले. न दिल्यास तक्रार, हे हवालदारांनी खाली लिहायला लावले. माझे नऊ हजार आणि जाळीचे सात. त्यातले सहा त्याने तिथेच मोजले.

शनिवारी मी कल्याणला कंपनीचे पार्ट मिळतात त्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाला आरसी दाखवली. त्याने चॅसी नंबरावरून माझ्याच मॉडेलचा सायलेन्सर काढला. मी त्याला इतके प्रश्न विचारले की तो कंटाळला असेल. जाळी आत आहे का? यावरचा नंबर बिलावर लिहाल का? आवाज पहिल्यासारखाच राहील ना? वॉरंटीचा कागद कुठे आहे? तो म्हणाला, “मावशी, एवढं तर इन्स्पेक्शनवाले पण विचारत नाहीत.” तिथेच बसवून घेतला, एकोणीस हजार झाले. बिल घेतले, काढलेला खोटा सायलेन्सरही मागून घेतला आणि गाडी पीयूसीवर नेली. त्या मुलीने कागद छापून हातात दिला. “पास. आता कसा शहाण्यासारखा वाजतोय बघा.”

रविवारी गाडी बघायला माणूस आला. मी स्वयंपाकघरात होते. दारात यजमानांचा आवाज ऐकू आला, “गाडी द्यायची नाही. आम्हाला बाहेर जायचंय.” ते स्वतः किल्ली घेऊन खाली उतरले. कडी अजून धरतात, पण आता एकाच हाताने.

या केसने मला काय शिकवले, ते साहेब लोकांसारखे मोठ्या शब्दांत मला सांगता येणार नाही. बिल घ्यावे, जुना भाग मागून घ्यावा, कोणी ‘समजा’ म्हणाले तर समजू नये. आणि मला वाटायचे की एकतीस वर्षे मी फक्त झाडले. तसे नव्हते. मी तिथे बघत होते, ऐकत होते, आणि ते कुठेही गेले नव्हते.

गॅरेजवाल्याने पुढच्या महिन्यात पाच हजार दिले. शेवटचे पाच द्यायला तो स्वतः कोपरला आमच्या घरी आला. चहा घेतला, नजर चुकवली नाही. म्हणाला, “मावशी, पोच द्या. हवालदारांना दाखवायची आहे.”

यजमान पेन घ्यायला पुढे झाले. मी म्हणाले, राहू द्या, मी लिहिते. वहीचे पान फाडले, सावकाश लिहिले आणि खाली सही केली. त्याने पान हातात घेतले आणि एका दमात वाचले, कुठे अडला नाही:

सोळा हजार रुपये पूर्ण मिळाले. आता काही येणे नाही.