काढून टाकलेले श्वास

‘मी श्वास काढायचं काम करते,’ असं कात्रीने सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग जरा मागे सरकायचे. आता यात घाबरण्यासारखं काय आहे? मामा माइकसमोर बसून गोष्ट वाचायचा. ही शेजारच्या खोलीत संगणकावर ती ऐकायची आणि त्यातलं अडखळणं, पोटाची गुरगुर, खुर्चीची करकर, मोठमोठे श्वास असं सगळं कापून टाकायची. म्हणून तिचं नाव कात्री. ठेवलं मामानेच. तो सगळ्या ऑफिसचा मामा असला तरी तिचा सख्खा होता, आईचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर तिला त्यानेच शिकवलं, त्यानेच या कामाला लावलं. त्याच्या जिवावर ती उभी राहिली, आणि शेवटी हे काम त्याच्याच जिवावर बेतलं.

कंपनी तीन खोल्यांची, एका फर्निचरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. खाली करवत सुरू झाली की वर वाचन बंद. पण मालकीणबाईंचं डोकं भारी चालायचं. त्या म्हणायच्या, लोकांना गोष्ट ऐकायला सवड नसते हे खरं, पण काम करताना कान तर रिकामेच असतात ना? मग तुमचं काम किती वेळाचं ते सांगा आणि तेवढ्याच वेळाची गोष्ट घ्या. इस्त्रीवालीला चाळीस मिनिटं, ट्रकवाल्याला सहा तास, दवाखान्यात यंत्राला जोडून पडलेल्या माणसाला चार तास. शेवटच्या शर्टाची घडी झाली की गोष्टही संपली पाहिजे. लोकांनी ही कल्पना डोक्यावर घेतली. सगळ्यात जास्त मागणी एका जहाजावर जन्मलेल्या सात भावांच्या गोष्टीला होती. भाग दोनशे, आवाज मामाचा.

गोष्ट अशी मापात बसवायची तर काय कापलं आणि किती कापलं, हे कात्रीला ठाऊक असावं लागे. मामाचे श्वास तासाला चार मिनिटांचे भरत. कधी दहा सेकंद वर, कधी दहा सेकंद खाली. सगळेच काढून चालत नाही हं, सगळे काढले तर ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. परिच्छेद संपला की एक ठेवायचा, दुःखाच्या जागी एक ठेवायचा. हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की मामा दुपारी जेवून बसलाय की उपाशी, हे ती डोळे मिटून सांगायची.

एकदा मामाच्या खोलीची काच बदलली. दुसऱ्या दिवशी श्वासाच्या शेवटी तिला एक बारीक शिट्टी ऐकू आली, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. काच नीट बसली नसेल, असं म्हणून तिने काचवाल्याला परत बोलावलं. काच चांगली घट्ट होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण भाग संध्याकाळी जायचा होता. तिने शिट्टी कापली आणि पुढे गेली.

चाराची पाच मिनिटं झाली, पुढे सहा. ठेवायच्या जागीसुद्धा ठेवण्याजोगा श्वास मिळेना, प्रत्येकाला शेपटीसारखी ती शिट्टी. तेव्हा कात्रीला एक युक्ती सुचली, आणि ती इतकी सोपी होती की तिचं तिलाच कौतुक वाटलं. तीन वर्षांपूर्वीच्या भागांतून तिने मामाचे चाळीसेक चांगले श्वास वेचून बाजूला ठेवले: लहान, लांब, दचकून घेतलेले, निवांत. आणि जिथे जसा हवा तिथे तसा त्यातलाच एक चिकटवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मालकीणबाईंना कळलं नाही, ऐकणाऱ्यांना कळलं नाही. माणसाचं वय झालं की घरच्यांनी थोडी सारवासारव करायचीच असते, असं तिने स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. मामाशिवाय ती गोष्ट नव्हती, त्या गोष्टीशिवाय ती कंपनी नव्हती, आणि मामाशिवाय कात्रीला आणि तिच्या आईला तरी दुसरं कोण होतं?

इकडे मामा पक्का गर्विष्ठ. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचा आणि पाण्याच्या टाकीबद्दलची जुनी नोटीस वाचत असल्याचं सोंग करायचा. ती नोटीस त्याला एव्हाना पाठ झाली असेल. घरी कात्रीची आई म्हणायची, अरे, तुला धाप लागतेय, एकदा दाखवून ये. हा लगेच खिशातून फोन काढून आदल्या दिवशीचा भाग लावायचा. चार ओळींचं लांबलचक वाक्य एका दमात पार व्हायचं, आणि शेवटी एक स्वच्छ, निवांत श्वास. ‘याला धाप म्हणतात होय, ताई?’ आई त्याला आणखी एक पोळी वाढायची. कात्री ताटाकडे बघत राहायची. तो श्वास तीन वर्षांपूर्वीचा होता, आणि तो तिनेच तिथे बसवला होता.

बोलायला हवं होतं, त्याच ताटावर. तिने एकदाच, आडून आडून, दवाखान्यात जाऊन ये म्हणून सुचवलं. मामा हसला. दिवसभर कानात माझाच आवाज घालून बसतेस, काही बिघडलं असतं तर तुला आधी कळलं असतं की नाही, म्हणाला. ती ताट उचलून मोरीकडे गेली. माणूस कोडगा असतो तो असा, ऐन वेळी.

सहाची नऊ मिनिटं झाली. तिने मालकीणबाईंना गाठलं आणि मामाला निदान महिनाभर सुट्टी द्या म्हणून विनवलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिच्यासमोरच कालचा भाग लावला, पूर्ण ऐकला, आणि म्हणाल्या, मला तर काहीच जाणवत नाही. अठ्ठावीस भाग राहिलेत, ते झाले की हवी तेवढी सुट्टी घेऊ दे. आता काय बोलणार? आपणच सारवलेल्या भिंतीतली भेग आपणच कशी दाखवायची? ती मान हलवून बाहेर आली आणि तिने आणखी आठ भाग सारवले.

नवव्या भागाला सकाळीच मामा अडकला. वाक्य साधं होतं, थोरला भाऊ धाकट्याला हाक मारतो, एवढंच. पाच वेळा सुरू केलं, पाचही वेळा मधेच तुटलं. काचेपलीकडे त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला, आणि पेला दातांवर खडखडल्याचं तिच्या कानात ऐकू आलं. तिला रडू फुटलं. मग तिला येत होतं ते काम तिने केलं. त्या तासाभरातले सगळे शब्द तिने काढून टाकले. नुसते श्वास ठेवले, जसेच्या तसे, एकामागून एक. अकरा मिनिटं भरली.

दुपारी तिने मामाला आपल्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला. मामाने डोळे मिटून ऐकायला सुरुवात केली, नव्या वाचकाची परीक्षा घेताना ऐकायचा तसं. दुसऱ्या मिनिटाला कपाळाला आठी पडली. तिसऱ्या मिनिटाला त्याने एक कान मोकळा केला.

‘कोण गं हा? याला कुणी दवाखान्यात नेलं की नाही?’

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. हेडफोन परत कानावर ठेवला आणि राहिलेली आठ मिनिटं संपूर्ण ऐकली, एकदाही न हलता. मग त्याने एवढंच विचारलं, की रोज रात्री फोनवर मी ऐकतो तो कोण असतो. तिने सगळं सांगितलं, शिट्टी, चाळीस श्वास, सगळं. तो उठून चपला शोधायला लागला, आणि त्या त्याच्या पायातच होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. फुप्फुसं खालून वर पांढरी होत आली होती. कधीपासून होतंय हे, त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, झाले असतील चार-सहा आठवडे. कात्रीने तारीख सांगितली. काच बदलली त्याच्या दुसऱ्या दिवसाची, चौदा महिन्यांपूर्वीची. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

‘इतकी नेमकी तारीख? म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग तेव्हाच का आणलं नाहीत? तेव्हा हे थांबवता आलं असतं. आता फार काही हातात नाही.’

कात्रीने तोंड उघडलं. तेवढ्यात मामाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

‘तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डॉक्टर. मीच ऐकलं नाही.’

एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.